कॅन्सर, पैसा आणि आपली वडीलधारी मंडळी

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत उभी होते. तेवढ्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मला हाताला धरून बाजूला घेतले. काकूंचे वय आता अठ्ठ्याहत्तरच्या पुढे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तू हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये होतीस ना, मग एक सांग. मला २०१८ साली छातीच्या कॅन्सरसाठी पंधरा वेळा रेडिएशनला बोलावलं. लेस्टरच्या माझ्या जाऊबाईंना २०२२ साली तोच आजार निघाला, तर पाचच वेळा. म्हातारी माणसं म्हणून सरकार पैसे वाचवतंय की काय?"

प्रश्न असा होता की रांगेत उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. मी डॉक्टर नाही. एन. एच. एस.च्या एका हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात सव्वीस वर्षे नोकरी केली, एवढीच माझी पात्रता. पण काकूंना पडलेली शंका आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या मनात असते आणि ती मनात ठेवूनच लोक उपचार घेतात, किंवा अर्धवट सोडतात. म्हणून संपादकांकडे या अंकात थोडी जागा मागून घेतली.

या देशात पेशंटच्या हातात बिल येत नाही, त्यामुळे आपल्याला वाटते की इथे पैशाचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात प्रत्येक स्कॅन, प्रत्येक इंजेक्शन, खाटेवरची प्रत्येक रात्र कुठे ना कुठे मोजली जाते. ते पैसे कोणी, कोणाला आणि कशाच्या हिशेबाने द्यायचे, याचे नियम गेल्या पस्तीस वर्षांत अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदलाची झळ किंवा फायदा शेवटी पेशंटपर्यंत पोचला. गाडी नसलेल्या, इंग्रजी बेताचे असलेल्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसापर्यंत तर तो सर्वात आधी पोचतो.

जुन्या मंडळींना १९९१ साल आठवत असेल. १९९० च्या कायद्यानंतर त्या वर्षीच्या एप्रिलपासून एन. एच. एस.मध्ये 'विकत घेणारे' आणि 'सेवा पुरवणारे' असे दोन भाग झाले. काही जी. पी. मंडळींना स्वतःचे बजेट मिळाले, त्यांना फंडहोल्डर म्हणत. त्यातून ते हॉस्पिटलकडून तपासण्या आणि ठरावीक शस्त्रक्रिया 'खरेदी' करत. एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांत ज्याचा जी. पी. फंडहोल्डर त्याला हॉस्पिटलची तारीख लवकर, असे प्रकार दिसू लागले. १९९९ मध्ये ही पद्धत बंद झाली. त्याआधी १९९५ मध्ये कॅलमन-हाइन अहवाल आला होता. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी केनेथ कॅलमन आणि वेल्सच्या डेअर्ड्री हाइन यांनी त्यात सांगितले की, तुम्ही कुठे राहता यावर कॅन्सरच्या उपचारांचा दर्जा अवलंबून असता कामा नये, अवघड उपचार मोठ्या केंद्रांत व्हावेत. हे योग्यच होते. त्यामुळे तज्ज्ञ सर्जन मिळाले, पण हॉस्पिटल लांब गेले. ते अंतर ज्याला बसने कापायचे आहे त्याचा खर्च आमच्या खातेवहीत कधीच येत नसे.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण गंमत तिथेच आहे.

२००३-०४ पासून इंग्लंडमध्ये 'पेमेंट बाय रिझल्ट्स' नावाची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. नावात 'रिझल्ट' असला तरी पैसे निकालाचे नव्हते, कामाचे होते. जेवढे पेशंट तपासाल, जेवढी ऑपरेशने कराल, तेवढे ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे पैसे. कामाला एक कोड, कोडला एक किंमत. माझे अर्धे आयुष्य त्या कोडांत गेले! रेडिओथेरपीचे दर पुढे दोन भागांत ठरले. उपचाराची आखणी करण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक सिटिंगचे पैसे वेगळे. म्हणजे पंधरा सिटिंग दिल्या तर पंधरा वेळा पैसे, पाच दिल्या तर पाच वेळा.

यात अडचण काय हे घरच्या उदाहरणाने सांगते. शिकवणी घेणाऱ्या बाईंना दर तासाला पैसे मिळतात असे समजा. त्यांनी एखादी नवी पद्धत शोधली आणि मुलगा पंधरा तासांऐवजी पाच तासांत शिकला, तर मुलाचे भले झाले, पण बाईंचे घरभाडे मात्र तेवढेच राहिले. हॉस्पिटलचेही तसेच. रेडिओथेरपीचे मशीन, ते चालवणारे रेडिओग्राफर, हिशेब करणारे फिजिसिस्ट यांचा खर्च सिटिंग कमी झाल्या म्हणून कमी होत नाही. कुठल्याही डॉक्टरने पैशासाठी जादा सिटिंग दिल्या असे मी म्हणत नाही, तसे मी कधी पाहिलेही नाही. पण एखादा बदल सुचवला गेला की हिशेबखात्याच्या भुवया उंचावतात आणि बदल सावकाश होतो, एवढे मी जवळून पाहिले आहे.

सिटिंग किती हव्यात हे मात्र संशोधनाने ठरते. इथे पूर्वी छातीच्या कॅन्सरसाठी पाच आठवड्यांत पंचवीस सिटिंग दिल्या जात. ब्रिटनमध्येच झालेल्या 'स्टार्ट' नावाच्या अभ्यासांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तीन आठवड्यांत पंधरा सिटिंग पुरतात असे दिसले. काकूंना २०१८ मध्ये पंधरा दिल्या, त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे तेच बरोबर होते. त्यानंतर 'फास्ट-फॉरवर्ड' नावाचा अभ्यास आला. त्यात ४,०९६ पेशंट होते आणि पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. एका आठवड्यात पाच सिटिंग घेतलेल्यांमध्ये आजार परत येण्याचे प्रमाण पंधरा घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हते. हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये एप्रिल २०२० मध्ये छापून आला.

ती तारीख पाहा. त्याच महिन्यात कोविडमुळे सगळा देश घरात बंद होता. कॅन्सरच्या पेशंटला हॉस्पिटलच्या जितक्या कमी फेऱ्या तितके बरे, असे सर्वांनाच वाटत होते. आणि त्याच वेळी इंग्लंडमध्ये दर कामाला दर पैसे हा प्रकार बाजूला ठेवून हॉस्पिटलांना महिन्याला ठोक रक्कम द्यायला सुरुवात झाली. म्हणजे संशोधन तयार, संसर्गाची भीती होती आणि सिटिंग कमी झाल्याने उत्पन्न बुडण्याची चिंता उरली नाही. एरवी ज्या बदलाला काही वर्षे लागली असती तो अनेक ठिकाणी काही आठवड्यांत झाला. या तिन्हींपैकी कशाचा वाटा किती हे कोणी मोजून सांगणे कठीण आहे. पण पैशाचा अडसर दूर झाला नसता तर एवढी घाई झाली नसती, असे माझे स्वतःचे मत आहे.

तेव्हा काकूंना मी फोनवर सांगितले ते असे: जाऊबाईंच्या सिटिंग पैसे वाचवायला कमी केल्या नाहीत. उलट सिटिंगमागे पैसे देण्याची पद्धतच कमी सिटिंगच्या आड येत होती.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पासष्टच्या पुढच्या ज्या स्त्रियांची गाठ लहान आहे, काखेत पसरलेली नाही, आणि ज्या हार्मोनच्या गोळ्या घेणार आहेत, त्यांना रेडिएशन दिले नाही तर काय होते, याचाही अभ्यास एडिनबराच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाला. 'प्राइम-दोन' हे त्याचे नाव, १,३२६ स्त्रिया, आणि दहा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रेडिएशन न घेतलेल्यांत त्याच स्तनात आजार परत येण्याचे प्रमाण ९.५ टक्के, घेतलेल्यांत ०.९ टक्के. मात्र जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून डॉक्टरांनी "तुम्हाला रेडिएशनची गरज नाही" असे म्हटले तर लगेच "आम्हाला वाऱ्यावर सोडले" असे समजू नये. पण का गरज नाही हे जरूर विचारावे. सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना शस्त्रक्रिया व इतर उपचार तरुण स्त्रियांपेक्षा कमी प्रमाणात मिळतात आणि प्रकृतीचा फरक लक्षात घेतला तरी ती तफावत पूर्ण मिटत नाही, हे इंग्लंड-वेल्समधल्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले आहे. त्यामुळे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. "माझ्या वयामुळे की माझ्या आजारामुळे?" एवढे एकच वाक्य पाठ करून जावे. बरोबर मुलगा-सून असतील तर त्यांनी ते विचारावे. आणि भाषेची अडचण असेल तर हॉस्पिटलकडे दुभाषा मागावा, त्याचे पैसे पेशंटला पडत नाहीत. नातवंडांकडून कॅन्सरची बातमी भाषांतरित करून घेण्याची वेळ कोणावर येऊ नये.

काकूंच्या फोनवर पुढे जे कळले त्याने मात्र मी अस्वस्थ झाले.

पंधरापैकी दोन दिवस त्या गेल्याच नव्हत्या. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा "घरी पाहुणे आलेत" असे खोटे सांगितले. खरे कारण असे की दुसऱ्या आठवड्यात थकवा इतका वाढला की दोन बस बदलून जाणे जमेना. मग मिनीकॅब सुरू केली, जाऊन-येऊन २८ पौंड. यजमान वारल्यानंतर काकू एकट्याच राहतात. हेजच्या कारखान्यात काही वर्षे अर्धवेळ काम, बाकी आयुष्य घरात, त्यामुळे स्वतःचे पेन्शन तुटपुंजे, ते पेन्शन क्रेडिटने भरून काढलेले. आठवड्याच्या शेवटी हातात काही उरेना, म्हणून दोन सिटिंग "जाऊ दे" म्हटले. सुदैवाने नर्सबाईंनी पाठपुरावा केला आणि त्या दोन सिटिंग पुढच्या आठवड्यात भरून निघाल्या. मुलाला सांगितले नाही, कारण त्याला "त्रास नको"!

आणि या सगळ्या काळात काकूंना प्रवासखर्च परत मिळण्याचा हक्क होता. तो कोणी त्यांना सांगितला नाही, त्यांनी विचारला नाही.

तर हा हक्क नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये 'हेल्थकेअर ट्रॅव्हल कॉस्ट्स स्कीम' नावाची योजना आहे. पेन्शन क्रेडिटचा 'गॅरंटी क्रेडिट' हा भाग ज्यांना मिळतो त्यांना जी. पी. वा तज्ज्ञाने पाठवलेल्या हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला जाण्या-येण्याचा वाजवी खर्च परत मिळतो. बस, ट्रेन, किंवा गाडीचे पेट्रोल. टॅक्सीचे पैसे हवे असतील तर आधी हॉस्पिटलची संमती घ्यावी लागते, नंतर पावती दाखवून उपयोग नाही. डॉक्टरांनी सोबत माणूस लागतो असे म्हटले तर त्या माणसाचाही खर्च मिळतो. हॉस्पिटलच्या कॅशियरच्या खिडकीवर मागता येतो, नाहीतर अपॉइंटमेंटनंतर तीन महिन्यांच्या आत फॉर्म भरून पाठवावा. काकूंच्या बाबतीत ते तीन महिने केव्हाच उलटून गेले होते. ज्यांना बसमध्ये बसणे प्रकृतीमुळेच शक्य नाही त्यांनी हॉस्पिटलच्या वाहनाबद्दलही विचारावे.

गॅरंटी क्रेडिट मिळत नाही, पण उत्पन्न कमी आहे, अशांनी एचसी-१ नावाचा फॉर्म भरावा. शिल्लक १६,००० पौंडांहून जास्त नसेल तर उत्पन्नाप्रमाणे पूर्ण किंवा काही मदत मिळते. पूर्ण मदतीच्या सर्टिफिकेटला एचसी-२ म्हणतात, अंशतः मदतीच्या सर्टिफिकेटला एचसी-३.

औषधांबद्दल दोन शब्द. इंग्लंडमध्ये साठीच्या पुढे प्रिस्क्रिप्शन फुकट आहे, पुरुषांसाठी ही सवलत ऑक्टोबर १९९५ पासून पासष्टऐवजी साठीला मिळू लागली. साठीच्या आतल्या कॅन्सरच्या पेशंटना १ एप्रिल २००९ पासून माफी आहे, पण त्यासाठी जी. पी.कडून फॉर्म भरून सर्टिफिकेट काढावे लागते. ते नसताना खूण केली तर दंडाचे पत्र येते. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनला मुळातच पैसे नाहीत.

आता सर्वात दुर्लक्षित गोष्ट, अटेंडन्स अलाउन्स. पेन्शनचे वय झालेल्या ज्या माणसाला आजारामुळे आंघोळ, कपडे, जेवण, औषधे यांसाठी मदत किंवा देखरेख लागते, त्याला हा मिळतो. घरात किती पैसे आहेत, मुलगा काय कमावतो, हे विचारले जात नाही. मदत प्रत्यक्षात कोणी करते की नाही, हेही विचारले जात नाही, ती लागते का एवढेच पाहतात. २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड असे दोन दर होते. एरवी सहा महिने मदतीची गरज असावी लागते, पण आजार शेवटच्या टप्प्यात असून डॉक्टरांच्या मते आयुष्य वर्षभराचेच असू शकते, अशांना ही अट नाही. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, एप्रिल २०२३ पासून बारा महिन्यांची झाली. स्कॉटलंडमध्ये याच मदतीचे नाव व व्यवस्था आता वेगळी आहे. शिवाय हा अलाउन्स मिळू लागला आणि माणूस एकटा राहत असेल, तर पेन्शन क्रेडिटची रक्कमही वाढू शकते. २०२५-२६ मध्ये ही वाढ आठवड्याला ८२.९० पौंडांपर्यंत होती. ज्यांचा पेन्शन क्रेडिटचा अर्ज पूर्वी थोडक्यात हुकला त्यांनी अलाउन्स मिळाल्यावर पुन्हा अर्ज करावा. नवरा-बायकोंपैकी एकाचेच पेन्शनचे वय झाले असेल तर मात्र मे २०१९ पासून नवीन पेन्शन क्रेडिट सहसा मिळत नाही. आपल्याकडे नवरा-बायकोत आठ-दहा वर्षांचे अंतर असलेली जोडपी बरीच आहेत, त्यांना हा नियम जाचतो.

फॉर्म भरताना आपली माणसे एक चूक हमखास करतात. "काही नाही हो, बरी आहे मी, सून करते सगळं." दाराशी आलेल्या पाहुण्यांना हे उत्तर शोभते, फॉर्मवर नाही. वाईट दिवशी काय होते ते लिहा.

महागड्या औषधांचा विषय खरे तर स्वतंत्र लेखाचा आहे. १९९० च्या दशकात एका भागात मिळणारे औषध शेजारच्या भागात मिळत नसे, त्याला इथले लोक पोस्टकोडची लॉटरी म्हणत. म्हणून १९९९ मध्ये 'नाइस' ही संस्था आली, औषधाने किती आयुष्य वाढते आणि त्याला किती खर्च येतो हे तोलून ती निर्णय देते. २०११ मध्ये नाकारलेल्या औषधांसाठी इंग्लंडमध्ये 'कॅन्सर ड्रग्ज फंड' निघाला. त्याचा खर्च हाताबाहेर गेला, २०१५ मध्ये बरीच औषधे यादीतून काढली गेली आणि जुलै २०१६ पासून तो नाइसच्या देखरेखीखाली नव्या स्वरूपात सुरू झाला. एक मात्र सांगते. २००८ पर्यंत स्वतःच्या पैशाने एखादे जादा औषध घेतले तर त्या आजाराचे बाकीचे उपचारही एन. एच. एस. बंद करू शकत असे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्राध्यापक माइक रिचर्ड्स यांच्या अहवालानंतर तो नियम गेला. आता खाजगी औषध वेगळे घेतले तरी एन. एच. एस.चे उपचार चालू राहतात. पण घर गहाण टाकण्याआधी कन्सल्टंटला विचारा, त्या औषधाने किती महिने मिळतील, आणि कसे.

शेवटी भारतातून येणाऱ्या आई-वडिलांबद्दल, कारण इथे मात्र बिल येते.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला जी. पी.ची तपासणी आणि अ‍ॅक्सिडेंट-इमर्जन्सीमधले प्राथमिक उपचार फुकट आहेत. हॉस्पिटलमध्ये दाखल केले किंवा कॅन्सरच्या क्लिनिकला पाठवले, की आकारणी सुरू होते, आणि २०१५ पासून दर एन. एच. एस.च्या नेहमीच्या दराच्या दीडपट आहे. ऑक्टोबर २०१७ पासून, तातडीचे नसेल तर पैसे आधी भरावे लागतात. तातडीचे उपचार थांबवत नाहीत, पण बिल नंतर येतेच. ५०० पौंड किंवा अधिक थकले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून आई-बाबांना बोलावण्याआधी विमा काढा आणि पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचे कलम वाचा. आईने "गेल्या वर्षापासून गाठ लागते आहे" असे विमानतळावरून येताना गाडीत सांगितलेली कुटुंबे मला माहीत आहेत. तशी शंका असेल तर तपासणी निघण्याआधी तिकडेच करून घ्यावी. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आहे आणि सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, भारत सरकारच्या आयुष्मान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले आहे.

उलट बाजूही आहे. इथले पासपोर्टधारक निवृत्तीनंतर पुण्याला कायमचे राहायला जातात आणि आजारी पडल्यावर "चाळीस वर्षे टॅक्स भरला" म्हणून परत येतात. एन. एच. एस.चा हक्क पासपोर्टवर किंवा भरलेल्या टॅक्सवर नाही, इथे राहण्यावर आहे. कायमचे परत राहायला आलात तर हक्क परत मिळतो, नुसते उपचारापुरते आलात तर बिल लागते. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे करणाऱ्यांनी घर, बँक, जी. पी. यांचे कागद नीट ठेवावेत.

मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये मागच्या टेबलाशी बसेन, एचसी-१ आणि अटेंडन्स अलाउन्सचे कोरे फॉर्म घेऊन. येताना पेन्शनचे शेवटचे पत्र आणि हॉस्पिटलचे अपॉइंटमेंट कार्ड बरोबर आणा. काकू येणार आहेत, त्यांचा अलाउन्सचा फॉर्म अजून भरायचा राहिला आहे.